विश्लेषण : चर्चचा पैसा आटला, शाळेला टाळं लागणार होतं… १८६९ मधली मुलींची निवासी शाळा कशी वाचली?

वर्णभेदी राजवटीला पुरून उरलेली एक शाळा लोकशाही आल्यावर तीन वर्षांत बंद पडायला निघाली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहराजवळची 'इनांडा सेमिनरी' ही ती मुलींची निवासी शाळा. १९९७ च्या अखेरीस ती चालवणाऱ्या चर्चने जाहीर केलं, आता शाळा चालवणं शक्य नाही. कारण साधं होतं. पैसे नव्हते.

शाळा बंद झाली नाही. २०१९ मध्ये तिला १५० वर्षं पूर्ण झाली आणि आजही तिथे मुली राहून शिकतात. पण १९९७ मध्ये असं काय घडलं की शाळा वाचली? आणि त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षं एका खेडेगावातली मुलींची शाळा हजारो मैलांवरच्या अमेरिकेतल्या चर्चच्या आधाराने कशी चालत होती?

परदेशी चर्चच्या मदतीवर चालणारी शाळा म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच दोन टोकांना जाते. कुणासाठी ते पुण्यकर्म असतं, कुणासाठी धर्मांतराचा कारखाना. इनांडाची गोष्ट या दोन्ही खोक्यांत बसत नाही. शिवाय तिचा एक धागा थेट अहमदनगरपर्यंत (आताचं अहिल्यानगर) येतो. तोही बघूया.

इनांडा नेमकं कुठे?

डर्बनच्या उत्तरेला साधारण २५ किलोमीटरवर. नाव ओळखीचं वाटत असेल तर कारण गांधीजी. त्यांनी १९०४ मध्ये वसवलेला फिनिक्स आश्रम याच परिसरातला. जवळच ओहलांगे ही शाळा आहे. ती काढणारे जॉन ड्युबे १९१२ मध्ये आजच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले. २७ एप्रिल १९९४ ला नेल्सन मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत टाकलं ते याच ओहलांगेत.

आज हा सगळा भाग दाट वस्तीचा झालाय, डर्बन महापालिकेच्या हद्दीत येतो. पण १८६९ मध्ये इथे डोंगर, झुलू वस्त्या आणि एक मिशन स्टेशन एवढंच होतं. डर्बनहून बैलगाडीने यावं लागे.

शाळा काढली कोणी, आणि कशासाठी?

अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चनी १८१० मध्ये 'अमेरिकन बोर्ड' नावाची मिशनरी संस्था स्थापन केली. १८३५ मध्ये या बोर्डाचे मिशनरी दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. त्यांच्यातले डॅनियल लिंडली पुढे पत्नी लुसी यांच्यासह इनांडात राहिले. १८५३ मध्ये बोर्डाने आमझिमटोटी इथे मुलांसाठी शाळा काढली होती. पुढे ती अ‍ॅडम्स कॉलेज म्हणून नावारूपाला आली.

आता मुलं शिकली, ख्रिस्ती झाली, शिक्षक-पाद्री होऊ लागली. त्यांना बायका कुठल्या मिळणार? मुलींची शाळा निघाली ती या प्रश्नातून. म्हणजे हेतू मुलींनी स्वतंत्र व्हावं हा नव्हताच. शिकलेल्या नवऱ्याला साजेशी, घर नीट ठेवणारी ख्रिस्ती पत्नी तयार करायची होती. आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रीशिक्षणाच्या वादात 'सुगृहिणी' हा शब्द किती वेळा येतो ते आठवा, म्हणजे सूर लक्षात येईल.

१ मार्च १८६९ ला १९ मुलींना घेऊन शाळा सुरू झाली. 'सेमिनरी' म्हटल्यावर धर्मगुरू घडवणारी संस्था डोळ्यांसमोर येते, पण त्या काळच्या अमेरिकेत मुलींच्या वरच्या इयत्तांच्या निवासी शाळांना हाच शब्द वापरत. पहिल्या मुख्याध्यापिका मेरी केली एडवर्ड्स ओहायो राज्यातल्या, चाळिशीच्या आसपासच्या विधवा शिक्षिका. त्या आल्या आणि परत गेल्याच नाहीत. १९२७ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचं इनांडातच निधन झालं.

अभ्यासक्रमात लिहिणं-वाचणं, इंग्रजी, गणित, भूगोल आणि बायबल होतं. सोबत शिवण, स्वयंपाक, कपडे धुणं आणि शेतातलं काम. वसतिगृहाची बरीच कामं मुलीच करायच्या. त्यात संस्काराचा भाग होताच, पण खर्चही वाचायचा हे उघड आहे.

पैसा कुठून यायचा?

ही बाजू जरा तपशिलात बघू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच फिरते.

बोर्डाचे पुरुष पदाधिकारी मुलींच्या शाळांना फार प्राधान्य देत नसत. म्हणून १८६८ मध्ये बोस्टनमध्ये चर्चच्या बायकांनी स्वतःचं वेगळं 'वुमन्स बोर्ड ऑफ मिशन्स' काढलं. या मंडळाने खर्च उचलून परदेशी पाठवलेली पहिली मिशनरी म्हणजे मेरी एडवर्ड्स.

पद्धत आपल्या भिशी-महिला मंडळासारखी समजा. गावोगावच्या चर्चमध्ये बायकांचे गट, प्रत्येकीची थोडीथोडी वर्गणी, ती जमून बोस्टनला आणि तिथून शिक्षिकांचा पगार व शाळेचा खर्च. बदल्यात शिक्षिका तिकडून पत्रं पाठवणार, ती मंडळाच्या मासिकात छापून येणार आणि वर्गणीदार बायका ती बैठकीत वाचणार. या नियतकालिकाचं सुरुवातीचं नाव होतं 'लाइफ अँड लाइट फॉर हीदन विमेन'. 'हीदन' म्हणजे ज्यांच्यापर्यंत खरा धर्म पोहोचला नाही असे, त्यांच्या भाषेत. वर्गणी देणारीचा भाव काय होता, हे नावातच आहे. १८७३ मध्ये 'हीदन' शब्द काढला गेला. तो भाव मात्र एवढ्या सहज पुसला जाणारा नव्हता.

दुसरा स्रोत नेटालच्या वसाहत सरकारचं अनुदान. ते फुकट नव्हतं. गोऱ्या वसाहतवाल्यांना घरकामाला, शेतीला मजूर हवे होते, त्यामुळे सरकार हाताच्या कामाच्या शिक्षणाचा आग्रह धरायचं. तिसरा स्रोत पालकांची फी. झुलू ख्रिस्ती कुटुंबांना 'अमाखोल्वा' म्हणत, म्हणजे श्रद्धा ठेवणारे. ही कुटुंबं हळूहळू शेती-व्यापारात पुढे आली आणि मुलींसाठी पैसे मोजू लागली.

तीन नळ होते खरे, पण टाकी भरत होती मुख्यतः पहिल्यावर. इंजिनिअरिंगला आम्हाला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' शिकवायचे : एक भाग बिघडला की अख्खी यंत्रणा झोपते. इनांडाचा तो भाग कुठला होता, हे कळायला सव्वाशे वर्षं लागली.

नगरशी याचा काय संबंध?

हेच अमेरिकन बोर्ड १८१३ मध्ये मुंबईत आलं होतं. बोर्डाचं पहिलं परदेशी मिशन मराठी मुलखातलंच. तिकडचं 'अमेरिकन झुलू मिशन', इकडचं 'अमेरिकन मराठी मिशन'. मुंबईत १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली ती यांनीच. १८४२ मध्ये सुरू झालेलं 'ज्ञानोदय' याच मिशनचं, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक ज्या मिशनशी जोडले गेले तेही हेच.

१८२७ मध्ये बोर्डाने सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिकेला मुंबईला पाठवलं. पुढे त्या नगरला गेल्या आणि मुलींच्या शाळा चालवत १८६२ मध्ये तिथेच वारल्या. फरारबाईंची नगरची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली होती. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे ती एक प्रेरणा होती. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण फरारबाईंकडे घेतल्याचं त्यांचे चरित्रकार सांगतात.

आता फरक बघा. नगरची शाळा पाहून फुल्यांनी पुण्यात काढलेली शाळा मिशनची नव्हती, स्वतःची होती. मिशनकडून त्यांनी पद्धत घेतली, मालकी नाही. इनांडात ही पायरी यायला फार उशीर झाला. कारणंही होती. तिथे जमीन, कायदा आणि सत्ता सगळंच गोऱ्यांच्या हातात होतं. तरी १९०० च्या सुमारास त्याच परिसरात एक प्रयत्न झालाच. नोकुटेला मडीमा ही इनांडा सेमिनरीत शिकलेली मुलगी. तिने पती जॉन ड्युबे यांच्यासोबत मिशनच्या छत्राबाहेर ओहलांगे शाळा उभी केली आणि १९०३ मध्ये 'इलांगा लासे नाताल' हे झुलू वर्तमानपत्र सुरू करण्यातही ती होती. १९१७ मध्ये ती गेली. जॉन ड्युबेंचं नाव इतिहासात राहिलं, नोकुटेलाच्या कबरीवर कित्येक दशकं नावही नव्हतं.

मुली पळून का यायच्या?

सुरुवातीच्या दशकांत सगळ्याच मुली आईवडिलांनी पाठवलेल्या नसत. काही घरातून पळून येत. झुलू समाजात लग्नात नवऱ्याकडून मुलीच्या वडिलांना गुरं मिळत, त्याला 'लोबोला' म्हणतात. आपल्या हुंड्याच्या उलट दिशेचा व्यवहार. नको असलेलं लग्न किंवा म्हाताऱ्या नवऱ्याची आणखी एक बायको होणं टाळायचं, तर जायला जागा म्हणजे शाळा.

मागोमाग वडील किंवा भाऊ येत. वसाहतीच्या कायद्याने मुलगी वडिलांच्या ताब्यात असल्यामुळे तिला परत पाठवण्याची वेळही येई. बाईंना तेव्हा कायदा, चर्च आणि मुलगी यांच्या मधोमध उभं राहावं लागे.

धर्मांतराचा प्रश्न इथे टाळून चालणार नाही. ही शाळा उघडपणे ख्रिस्ती होती. प्रार्थना सक्तीची आणि पोशाख बदलणंही त्यातच आलं. पळून आलेल्या मुलीपुढे पर्याय किती होते, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या मुलीच्या बाजूने पाहिलं तर ती दोन बंधनांपैकी कमी घट्ट बंधन निवडत होती, आणि निवडत होती हेच तिच्यासाठी नवं होतं. शिवाय शाळेत तिला जे दिसत होतं ते कुठल्याच अभ्यासक्रमात लिहिलेलं नव्हतं : नवऱ्याशिवाय राहणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, पुरुष अधिकाऱ्यांशी वाद घालणाऱ्या बायका. उत्तम पत्नी घडवायच्या शाळेत शिकवणाऱ्या बऱ्याच जणी अविवाहित होत्या, ही गंमतच.

१९५३ मध्ये काय घडलं?

भागीदारीची खरी किंमत इथे कळते.

१९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे अधिकृत धोरण झालं. तोवर देशातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या बहुतेक शाळा मिशनच्या होत्या, सरकार अनुदान द्यायचं. १९५३ च्या 'बांटू एज्युकेशन अ‍ॅक्ट'ने हे सगळं सरकारच्या ताब्यात घेतलं. कायद्यामागचे मंत्री हेन्ड्रिक फेरवूर्ड यांनी संसदेत लपवाछपवी केली नाही. काही ठरावीक मजुरीपलीकडे कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या समाजात जागा नाही, मग त्यांना तसं शिक्षण देऊन उपयोग काय, हा त्यांचा मुद्दा होता.

चर्चपुढे पर्याय ठेवले गेले. शाळा सरकारला द्या, किंवा अनुदान टप्प्याटप्प्याने शून्यावर येईल हे मान्य करून स्वतः चालवा. आणि स्वतः चालवायची तरी सरकारकडे नोंदणीची परवानगी हवीच. बहुतेक चर्चनी शाळा सोडल्या. काहींनी नाइलाजाने, काहींनी इमारत तरी वापरात राहील म्हणून. कृष्णवर्णीय शिक्षकांचं प्रशिक्षणही सरकारने स्वतःकडे घेतलं.

याच बोर्डाच्या दोन शाळांचं काय झालं ते शेजारी ठेवून बघा. अ‍ॅडम्स कॉलेज या मुलांच्या नामवंत शाळेला खासगी म्हणून चालू ठेवण्याची परवानगी नाकारली गेली. १९५६ मध्ये ते सरकारच्या हातात गेलं, नाव बदललं. पुढे शांततेचं नोबेल मिळवणारे अल्बर्ट लुथुली तिथे शिकवत असत, यावरून त्या संस्थेचं वजन कळेल. इनांडा सेमिनरीला मात्र खासगी राहू दिलं गेलं.

का? इतिहासकार मेगन हिली-क्लॅन्सी यांनी या शाळेवर 'अ वर्ल्ड ऑफ देअर ओन' (२०१३) हे सविस्तर पुस्तक लिहिलं आहे. त्यांच्या मांडणीनुसार राजवटीला नर्स आणि शिक्षिका हव्या होत्या. कृष्णवर्णीय वस्त्या आणि रुग्णालयं त्यांच्याशिवाय चालणार नव्हती. शिकलेले पुरुष राजकीय धोका वाटत, शिकलेल्या बायका उपयोगी वाटत. थोडक्यात, बायकांना कमी लेखण्याच्या सवयीने ही शाळा वाचली!

परवानगी मिळाली तरी पैशाचा प्रश्न उरलाच. सरकारी अनुदान गेलं. फी वाढवायला मर्यादा होत्या. अशा वेळी अमेरिकेतल्या चर्चचा पैसा आणि तिथून येणाऱ्या शिक्षिका हाच आधार राहिला. मुख्याध्यापिका लाव्हिनिया स्कॉट याही अमेरिकन बोर्डाच्या. १९६९ पर्यंत, म्हणजे तीन दशकांहून जास्त काळ, त्यांनी शाळा सांभाळली. १८६९ मध्ये जो पैसा 'त्या बिचाऱ्यांना प्रकाश द्यायला' गोळा होत होता, त्याच पैशाने १९५० च्या दशकात सरकारला एक वर्ग तरी नाकारला.

बाहेर काय चाललं होतं? १९७० च्या दशकात सरकार एका गोऱ्या विद्यार्थ्यावर जितका खर्च करायचं, त्याच्या एक दशांशाच्या आसपास कृष्णवर्णीय विद्यार्थ्यावर करायचं. इनांडात मात्र मुली विज्ञान-गणित शिकून मॅट्रिक होत होत्या. कादंबरीकार लॉरेटा न्गकोबो इथल्याच. मंडेलांच्या कार्यालयात काम केलेल्या आणि पुढे अमेरिकेत राजदूत झालेल्या बार्बरा मासेकेला इथल्या, संसदेच्या सभापती झालेल्या बलेका म्बेटेही इथल्या. एड्सच्या प्रश्नावर स्वतःच्याच सरकारशी मतभेद झाल्यावर २००७ मध्ये पद गमावलेल्या आरोग्य उपमंत्री नोझिझ्वे मदलाला-रुटलेज यासुद्धा इनांडाच्या विद्यार्थिनी.

पण यादी वाचून भारावून जाण्याआधी एक हिशेब करायला हवा. एका वेळी या शाळेत काही शे मुली. भिंतीबाहेर लाखो मुली फेरवूर्ड यांनी आखलेल्या वर्गात बसत होत्या. चर्चची भागीदारी एक शाळा वाचवू शकते. तिला शिक्षण व्यवस्थेचा पर्याय समजणं म्हणजे एका विहिरीवर तालुक्याचा दुष्काळ हटला म्हणण्यासारखं आहे.

मग लोकशाहीत शाळा अडचणीत का आली?

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. अमेरिकेत बोर्डाची मूळ संस्था विलीनीकरणांतून बदलत गेली आणि आज ते काम 'युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट' या चर्चकडे आहे. दक्षिण आफ्रिकेत १९६७ मध्ये 'युनायटेड काँग्रिगेशनल चर्च ऑफ सदर्न आफ्रिका' स्थापन झालं आणि शाळेची जबाबदारी या स्थानिक चर्चकडे आली. तत्त्वतः हे योग्यच. परदेशी मंडळाने मालकी सोडावी, स्थानिकांनी घ्यावी. पण मालकी आली तरी तिजोरी काही सोबत आली नाही. मिशनरी शिक्षिकांचा पगार परस्पर अमेरिकेतून व्हायचा. त्या येणं थांबल्यावर ते आकडे शाळेच्या ताळेबंदात दिसू लागले.

१९८० च्या दशकात परिसर पेटला. ऑगस्ट १९८५ मध्ये इनांडात दंगली झाल्या, त्यात फिनिक्स आश्रमातलं गांधीजींचं घरही जाळलं गेलं. पुढची काही वर्षं नेटालमध्ये राजकीय हिंसाचार सुरूच राहिला. मुलीला अशा ठिकाणी वसतिगृहात ठेवायला पालक कचरणारच.

आणि शेवटचा धक्का चांगल्या बातमीतून आला. १९९० नंतर गोऱ्यांच्या सरकारी शाळा सर्वांना खुल्या होऊ लागल्या. फी भरू शकणाऱ्या कृष्णवर्णीय घरांनी मुलींना तिकडे पाठवलं. परदेशी देणगीदारांनाही वाटू लागलं, आता वर्णभेद संपला, आपलं काम झालं. जी शाळा 'दुसरा पर्याय नाही' म्हणून भरत होती, तिच्यासमोर पहिल्यांदाच स्पर्धा उभी राहिली, तेही हातात पैसा नसताना.

१९९७ चा निर्णय तिथून आला.

मग वाचवली कोणी?

माजी विद्यार्थिनींनी. निर्णय कळल्यावर त्या चर्चकडे गेल्या, टाळं लावू नका म्हणाल्या आणि शाळा चालवायची जबाबदारी घ्यायला स्वतः पुढे आल्या. आता त्या डॉक्टर, शिक्षिका, अधिकारी, राजकारणी होत्या. नव्या देशात त्यांच्या ओळखी होत्या, त्यांच्या शब्दाला वजन होतं. व्यवस्थापन बदललं, निधी उभा केला गेला आणि मॅट्रिकचे निकाल हीच शाळेची जाहिरात झाली.

शाळा आजही त्याच चर्चशी जोडलेली आहे, आठवी ते बारावीच्या मुलींची, निवासी. अमेरिकेतलं युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट आजही तिचं भागीदार आहे. म्हणजे नातं तुटलं नाही, त्यातला भार सरकला. पूर्वी अमेरिकेतून पैसा आला नाही तर शाळा बंद, अशी स्थिती होती. आता फी, माजी विद्यार्थिनी, देशातले देणगीदार आणि परदेशी चर्च असे अनेक खांब आहेत.

एखाद्या संस्थेला मदत करणाऱ्यांनी, मग ते चर्च असो, कंपनीचा सीएसआर असो की परदेशातलं मराठी मंडळ, इनांडाकडून एक प्रश्न उचलावा : ही शाळा बंद करण्याचा निर्णय कोण घेऊ शकतं, आणि त्या खोलीत शाळेत शिकलेल्या किती जणी बसलेल्या असतात? इमारत किती मजली, मुलींना सायकली किती वाटल्या, हे अहवालात येतं. हे येत नाही.

डर्बनला जाणाऱ्यांसाठी एक माहिती. 'इनांडा हेरिटेज रूट' नावाचा मार्ग फिनिक्स आश्रम, ओहलांगे आणि इनांडा सेमिनरी जोडतो. भारतीय पर्यटक बहुतेक फिनिक्सला गांधीजींचं घर पाहून परततात. सेमिनरी त्याच परिसरात, थोडी पुढे आहे. मेरी एडवर्ड्स यांची कबर तिथेच आहे.